फॅमिली माटे उपर

बडोद्याला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं.
चार्वी झोपेतच चालत होती,
तिची एक चप्पल हातात घेऊन मागून प्रमिलाआई,
आणि माझ्याकडे दोन बॅगा आणि एक प्रश्न :
आता खायचं कुठे?

सोपा नाही तो.
चार्वीला तिखट चालत नाही,
प्रमिलाआईंना बाकडं चालत नाही, पाठीला टेका लागतो,
आणि नुसते पुरुष उभ्याने खातात
तिथे मला चालत नाही.
शिवाय नळ हवा.
शिवाय, जमलं तर, कडी लागणारा संडास.
रिक्षावाल्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणाला,
"बेन, आ तो लगननो हॉल थयो."

दांडियाबाजारात पहिल्या दुकानाची भट्टी पेटायची होती.
दुसऱ्यात खुर्च्या टेबलांवर, पाय वर करून.
तिसऱ्यात गर्दी, वाफ, पातेल्यावर लाल तवंग,
आणि कांद्याची पात चिरणारा पोऱ्या,
मान वर न करता :
"फॅमिली?"
सुरीच्या टोकानं त्यानं जिना दाखवला.
"फॅमिली माटे उपर."

पहिल्याच पायरीवर मी थांबले.
येत्या चैत्रात दोन वर्षं होतील कागद होऊन.
जळगावच्या कोर्टात माझं पेन उमटेना
तेव्हा पर्समधून स्वतःचं काढून दिलं
ते प्रमिलाआईंनीच.
बाहेर आल्यावर म्हणाल्या,
"मंगळवारी येते. भरीत आणीन."
मग येतच राहिल्या.
त्यांच्या मुलाविषयी आम्ही
हवामानाविषयी बोलावं तितकंच बोलतो.
आणि कुणी विचारलं, ह्या कोण,
तर अजून माझ्याकडे शब्द नाही.
माजी सासू म्हटलं की
मंत्रिपद गेल्यासारखं वाटतं.

"केटला जण?" खालून हाक.
"त्रण," प्रमिलाआई ओरडल्या,
त्यांना येणाऱ्या पाच-सहा गुजराती शब्दांतला एक,
आणि गुडघ्यावर हात दाबत
माझ्या पुढे निघून गेल्या.

वर पंखा होता. आरसा होता.
खुर्च्यांना पाठ होती. नळाला पाणीही.
चार्वीनं कोरडी शेव पावात भरून
स्वतःचा वेगळाच पदार्थ केला.
प्रमिलाआई रस्सा ओरपत होत्या,
नाक पदराला पुसत, डोळे भरून,
मिरचीनंच असावेत.
वाढपी आला हातात पळी घेऊन.
"तरी?"
त्यांनी वाटी पुढे केली.
मग त्यानं मला विचारलं.
"तरी?"
हो, म्हटलं. घाल.
तरी.

दुपारी कमाटीबागेत पाय दुखेपर्यंत फिरलो, ते जाऊ दे.

रात्री सूरसागरच्या कठड्याशी सीताफळाचं आइस्क्रीम.
कप संपले होते, उरला होता एकच डबा,
फॅमिली पॅक, झाकणावर छापलेलं :
चार ते पाच जणांसाठी.
लॉजवर फ्रिज नाही.
म्हणजे इथेच संपवायचं, तिघींनी, वितळायच्या आत.
लाकडी चपटे चमचे,
पाण्यात दिव्यांच्या लांबच लांब रेघा,
आणि शुगर असलेल्या बाईचे
"दोनच चमचे" मी मोजत होते.
अकरापर्यंत मोजले. मग सोडून दिले.

"बाबाला सांगू नकोस गं," त्या चार्वीला म्हणाल्या,
"ओरडेल मला."
किती महिन्यांनी तो आमच्यात आला,
असा, ओरडण्यापुरता,
आणि चार्वी हसली, मीही,
आणि त्या झाकण चाटत होत्या.

"उद्या नाश्ता कुठे?" चार्वीनं विचारलं.
मी पुन्हा यादी काढणार,
खुर्ची, नळ, कमी तिखट,
तर प्रमिलाआई बोटं पुसत म्हणाल्या,
"कुठेही. बाकडं असलं तरी चालेल.
तू कडेला बस,
मी तुला टेकेन."